पाचव्या वर्षाची किंमत

अमेरिकेतील पदवीशिक्षणाच्या खर्चाची चर्चा बहुधा वार्षिक शुल्काभोवती फिरते. परंतु एखाद्या कुटुंबाला अखेर किती पैसे मोजावे लागणार, हे त्या शुल्काइतकेच पदवी हाती पडेपर्यंत किती वर्षे जातात यावरही अवलंबून असते. बॅचलर पदवीचा अभ्यासक्रम तेथे चार वर्षांचा मानला जातो. तरीही २०१४ मध्ये पूर्णवेळ म्हणून प्रथमच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी त्याच संस्थेतून चार वर्षांत पदवीधर झालेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, आणि सहा वर्षांची मुदत धरली तेव्हा कुठे ते ६४ टक्क्यांपर्यंत पोहोचले. १९९० च्या एका संघीय कायद्यानुसार महाविद्यालयांना नियोजित कालावधीच्या दीडपट मुदतीतील निकाल जाहीर करावा लागतो. त्यामुळे सहा वर्षांचा आकडाच सर्वत्र रूढ झाला आणि दोन वर्षांचा विलंब जणू नियमात बसून गेला.

या विलंबाचे मूळ पुष्कळदा आळसात नसून हिशेबात असते. तेथील अभ्यास श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, मोजला जातो. आठवड्यातून एक तास याप्रमाणे सत्रभर चाललेल्या अध्यापनाला ढोबळमानाने एक श्रेयांक मिळतो, सर्वसाधारण विषय तीन श्रेयांकांचा असतो आणि पदवीसाठी सहसा १२० श्रेयांक लागतात. चार वर्षांच्या आठ सत्रांत ते पूर्ण करायचे, तर प्रत्येक सत्रात १५ श्रेयांक, म्हणजे पाच विषय घ्यावे लागतात. संघीय अर्थसाहाय्याच्या नियमांत मात्र सत्राला १२ श्रेयांक घेणारा विद्यार्थी 'पूर्णवेळ' समजला जातो. सत्रामागून सत्र चार विषय घेऊन सगळ्यांत उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला आपण वेळापत्रकाप्रमाणे चाललो आहोत असे वाटत राहते, आणि चौथ्या वर्षाअखेर त्याच्या खात्यावर ९६ श्रेयांक जमलेले असतात. उरलेल्या २४ श्रेयांकांसाठी त्याच गतीने आणखी एक पूर्ण वर्ष लागते. महाराष्ट्रात विषय राहिला की एटीकेटीचा शिक्का बसतो आणि घरादाराला ते कळते. तेथे वर्ष 'नापास' होण्याची कल्पनाच नसल्यामुळे मागे पडणे फार उशिरा लक्षात येते.

यातील विशेष खटकणारी बाब अशी की, अनेक विद्यापीठे १२ ते १८ श्रेयांकांसाठी एकच शुल्क आकारतात, म्हणजे न घेतलेल्या पाचव्या विषयाचे पैसे बहुधा आधीच भरलेले असतात. हवाई विद्यापीठाने २०१२ मध्ये सत्राला १५ श्रेयांक घेण्याचा आग्रह धरणारी मोहीम हाती घेतली आणि पुढे इतर राज्यांनीही तिचे अनुकरण केले, ते याच कारणाने.

केवळ श्रेयांकांची संख्या भरून मात्र भागत नाही, कारण काही विषय एकमेकांत अडकलेले असतात. अभियांत्रिकीत कलनशास्त्राचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, दुसऱ्यावाचून अवकल समीकरणांचा विषय मिळत नाही आणि त्यावर पुढचे विषय अवलंबून असतात. या साखळीतील एखादा विषय वर्षातून एकाच सत्रात शिकवला जात असेल, तर तो एकदा हुकल्याने वर्ष जाऊ शकते. उशिरा मुख्य विषय बदलला किंवा महाविद्यालय बदलले तरी हेच घडते. अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या २०१७ मधील अंदाजानुसार, महाविद्यालय बदलणाऱ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक नव्या ठिकाणी वाया गेले होते.

पाचवे वर्ष आणखी एका कारणाने जड जाते. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला संघीय कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंत मिळू शकते. परंतु एकूण मर्यादा ३१,००० डॉलरची असल्याने, चार वर्षांत पूर्ण रक्कम उचलणाऱ्याला पाचव्या वर्षासाठी ४,००० डॉलरच उरतात. उरलेली तूट महागड्या खासगी कर्जाने किंवा नोकरी करून भरावी लागते, आणि नोकरीचे तास वाढले की विषय पुन्हा कमी होतात. शिवाय पदवीनंतर मिळू शकणारा एका वर्षाचा पगार बुडतो तो वेगळाच.

म्हणूनच 'पाच विषय घ्या' हा उपदेश दिवसा काम करणाऱ्या विद्यार्थ्याला नुसता ऐकवून उपयोग नाही. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ मध्ये सुरू केलेल्या 'एसॅप' योजनेत दोन वर्षांच्या पदवीसाठी पूर्णवेळ शिकण्याची अट घातली, पण तिच्या जोडीला शुल्कातील तुटीची भरपाई, प्रवासाचा पास, पाठ्यपुस्तकांचा खर्च आणि नियमित भेटणारा सल्लागारही दिला. चिठ्ठी पद्धतीने गट पाडून केलेल्या चाचणीत तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण योजनेतील गटात ४० टक्के आणि इतर गटात २२ टक्के निघाले. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढूनही दर पदवीमागे तो कमी झाला. खरी बचत विद्यार्थ्याच्या निश्चयाइतकीच संस्थेच्या व्यवस्थेवरही अवलंबून असते, हे या आकड्यांवरून मान्य करावे लागते.

भारतातून पदवीसाठी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना हा हिशेब अधिक बोचरा ठरतो. विद्यार्थी व्हिसासाठीही किमान मर्यादा १२ श्रेयांकांचीच आहे, संघीय साहाय्य त्यांना मिळत नाही आणि सरकारी विद्यापीठांत सहसा परराज्यातील विद्यार्थ्यांचा दर लागू होतो, जो २०२४-२५ मध्ये सरासरी ३०,७८० डॉलर होता. राहण्या-जेवण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. तेव्हा प्रवेश ठरवण्यापूर्वी पालकांनी विद्यापीठाचा चार वर्षांचा पदवीदर पाहावा, जो संघीय शिक्षण विभागाच्या 'कॉलेज नेव्हिगेटर' या संकेतस्थळावर संस्थानिहाय मिळतो, आणि निवडलेल्या शाखेचा आठही सत्रांचा आराखडा पहिल्या सत्राआधीच मागून घ्यावा.