बाळाला घेऊन युरोपच्या बोटीवर जाताना

मागे एका बचत गटातल्या ताईंनी आपल्या केंद्राकडे निरोप पाठवला होता. लेक-जावई जर्मनीत, नात सात महिन्यांची. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून बोटीने युरोप फिरायचं ठरतंय आणि आईनेही यावं, असा लेकीचा आग्रह. ताईंचा प्रश्न एवढाच होता, "एवढंसं लेकरू पाण्यावर न्यावं का?"

हा प्रश्न आता एकट्या त्यांचा राहिलेला नाही. गावोगावची मुलं-मुली परदेशात आहेत, नातवंडं सांभाळायला आजी विमानाने जाते. प्रवास ठरवणारी तरुण मंडळी असतात, पण दिवसभर बाळ कडेवर असतं ते बहुतेक वेळा आजीच्या. म्हणून ही माहिती आजीलाही हवी.

आधी बोट कशी असते ते समजून घेऊ. या बोटीला क्रूझ म्हणतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच डोळ्यांपुढे आणू नका. ही बोट म्हणजे तरंगतं गावच. मोठ्या बोटीवर पाच-सहा हजार माणसं राहतात. खोल्या, जेवणघरं, पोहण्याचे तलाव, दवाखाना, सगळं आत असतं. बोट बहुतेक रात्री चालते आणि सकाळी नव्या बंदराला लागते. भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या फेरीत स्पेनचं बार्सिलोना, फ्रान्सचं मार्सेय, इटलीचं जिनोआ आणि नेपल्स अशी बंदरं येतात. सामान एकदाच खोलीत लावायचं, रोज बोचकी बांधायची नाहीत. लेकुरवाळ्या बाईला हीच गोष्ट सोयीची वाटते. अशा बोटींवर काम करणारी गोव्याची आणि कोकणातली मुलंही पुष्कळ आहेत. तेव्हा एखाद्या जेवणघरात मराठी किंवा कोंकणी कानावर पडली, तर नवल वाटून घेऊ नका.

सहा महिन्यांचा नियम

बहुतेक बोट कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत. महासागर ओलांडणारा किंवा लागोपाठ बरेच दिवस पाण्यातच राहणारा प्रवास असेल, तर बाळ एक वर्षाचं लागतं. हे वय बोट सुटायच्या दिवशी पूर्ण झालेलं हवं. चार दिवस कमी असले तरी बंदरावरून परत पाठवतात.

हा नियम कशासाठी? बोटीवर डॉक्टर आणि नर्स असतात, पण लहान मुलांचे खास डॉक्टर नसतात. तान्ह्या बाळासाठीचा अतिदक्षता विभाग नसतो. बाळाला धाप लागली, फिट आली, तर पुढच्या बंदरापर्यंत थांबावं लागतं. हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून ठराविक अंतरापर्यंतच येऊ शकतं, आणि तेही हवा चांगली असेल तर. सहा महिन्यांपर्यंत बाळ फार नाजूक असतं, म्हणून ही रेषा आखलेली आहे. आपल्याकडेही सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि मग उष्टावण, असं आशाताई सांगतातच. दोन्हीकडचा हिशेब एकाच वयाशी येऊन मिळतो.

गरोदर बाईलाही असाच नियम आहे. प्रवास संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागत असेल, तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. कारण तेच, बोटीवर बाळंतपणाची सोय नसते.

कागदपत्रं

बाळ कितीही लहान असलं तरी त्याचा स्वतःचा पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टवर नाव घालून चालत नाही. भारतात १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. म्हणून परदेशी जायचं असो वा नसो, बाळ जन्मल्यावर २१ दिवसांच्या आत नोंद झाली ना, हे ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात विचाराच. पुढे शाळेपासून सगळीकडे तोच कागद लागणार आहे.

युरोपातल्या २९ देशांचा मिळून एक व्हिसा असतो. त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. सहा वर्षांखालच्या मुलांना त्याची फी नाही. मोठ्या माणसाला ९० युरो, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास. दलालाने बाळाच्या व्हिसा फीचे पैसे मागितले, तर पावती दाखवायला सांगा. ज्यांच्याकडे तिकडचा राहण्याचा परवाना आहे, त्या लेक-जावयाला हा व्हिसा लागत नाही, पण भारतातून जाणाऱ्या आजीला लागतो.

एक बारीक गोष्ट इथे फार महत्त्वाची. बोट मध्येच तुर्कस्तानला किंवा इंग्लंडला लागणार असेल, तर ते देश या २९मध्ये नाहीत. बोट तिकडे गेली की आपण शेंगेनच्या बाहेर पडलो. परत आत यायला एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा, शिवाय त्या देशाचा वेगळा व्हिसा लागतो का, तेही बघायला हवं. म्हणून तिकीट काढण्याआधी बंदरांची यादी हातात घ्या.

व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा आजारपणाचा विमा काढावाच लागतो. पण तो बोटीवरचा दवाखाना आणि बोटीतून उचलून किनाऱ्यावर नेण्याचा खर्च देतो का, हे स्पष्ट विचारा. बोटीवरचा दवाखाना फुकट नसतो. तिथलं बिल ऐकून डोळे पांढरे होतात.

बोटीवरचं बाळाचं राहणं

बाळासाठी पाळणा मिळतो, पण तो तिकीट काढतानाच सांगून ठेवावा लागतो. बाळाचं तिकीट का, असं काहींना वाटतं. जीवरक्षक होडीत प्रत्येक जिवाची जागा मोजलेली असते. सात महिन्यांचं बाळ असलं तरी त्याची जागा धरावीच लागते, म्हणून त्याचं नाव नोंदवायलाच हवं.

पावडरचं दूध देत असाल, तर पूर्ण प्रवासाला पुरेल एवढं घरून न्या. बोटीवर नेमकं तेच मिळेल याचा भरवसा नाही. पाणी तापवायची किटली किंवा शेगडी खोलीत नेऊ देत नाहीत, आगीची भीती असते. उकळलेलं पाणी खोली सांभाळणाऱ्या कामगाराकडे मागायचं. न लाजता मागा, ते त्यांचं कामच आहे. बाळाला वरणभात, मऊ खिचडी लागत असेल, तर जेवणघरात आदल्या दिवशी सांगून ठेवा. मीठ-मसाला न घातलेला भात, उकडलेला बटाटा, केळं या गोष्टी सहसा मिळतात.

लंगोट किंवा डायपर लावणाऱ्या बाळाला बोटीवरच्या तलावात उतरवत नाहीत, पोहण्याचा खास डायपर घातला तरी. पाणी दूषित होऊन शेकडो लोकांना जुलाब लागू शकतात. काही बोटींवर बाळांसाठी वेगळी पाण्याची जागा असते, तिथे चालतं. बोटीवर माणसं दाटीने राहतात, म्हणून उलटी-जुलाबाची साथ लवकर पसरते. नोरोव्हायरस नावाचा विषाणू यात पुढे असतो. तो हाताला चोळायच्या सॅनिटायझरने नीट जात नाही. साबण आणि पाणीच लागतं. बाळाला भरवण्याआधी, लंगोट बदलल्यावर, हात धुवायचेच.

आता 'बोट लागण्या'बद्दल. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रवासाची मळमळ क्वचितच होते. म्हणून बाळ सारखं उलटी करू लागलं, तर "बोट लागली असेल" म्हणून बसून राहू नका. सहा तास लघवी नाही, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळ मलूल पडलं, तर ताबडतोब दवाखाना. खर्चाचा विचार नंतर. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. एका पाकिटाला पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. मोठ्यांच्या मळमळीच्या गोळ्या बाळाला तुकडा करून कधीही देऊ नका. पाजणाऱ्या आईनेही डॉक्टरांना विचारूनच त्या घ्याव्यात.

निघण्याआधी लसीकरणाचं कार्ड घेऊन डॉक्टरांना भेटा. आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिन्यांना मिळते. २०२४ साली युरोप विभागात गोवराचे सव्वा लाखाहून जास्त रुग्ण सापडले. बाळ नऊ महिन्यांहून लहान असेल तर लस आधी द्यायची का, हे डॉक्टरच ठरवतील.

बंदरावर उतरताना

रोम बघायचं म्हणून उतरतो ते बंदर चिवितावेक्किया नावाचं आहे. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. जाऊन-येऊन बाळाचा अख्खा दिवस गाडीत जातो. ग्रीसच्या सँटोरिनीला मोठी बोट समुद्रातच उभी राहते आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. वर गावात जायला पाळण्यासारखी केबलकार, नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या. व्हेनिसला पावलोपावली पायऱ्यांचे पूल. अशा ठिकाणी चाकांची बाबागाडी ओझं होते. बाळ फडक्याने अंगाशी बांधून घेणं तिथे खरं कामाचं. आपल्या आदिवासी बहिणी हे पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. फक्त बाळाचं नाक-तोंड मोकळं दिसतंय ना, हे बघत राहायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण युरोपात ऊन चाळीस अंशांपर्यंत जातं. दुपारी बाळाला घेऊन खोलीत थांबणं काही कमीपणाचं नाही. सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं असं नसतं. पाळी लावा. आज आजी थांबली, तर उद्या जावई थांबेल. बोट सुटायची वेळ मात्र पक्की असते. ती कुणासाठी थांबत नाही.

जीव वाचवायचा सराव

आजच्या बोलण्यातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. १३ जानेवारी २०१२च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही मोठी बोट इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी बोटीवर चढलेल्या शेकडो लोकांचा संकटात काय करायचं याचा सराव झालेलाच नव्हता. तेव्हाच्या नियमाने तो चोवीस तासांत केला तरी चालत होता. त्यानंतर नियम बदलला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव घ्यावाच लागतो.

बाळ झोपलंय म्हणून हा सराव टाळू नका. आपली जमायची जागा कुठे, तिकडे जिना कुठून, हे पायांनी चालून बघा. लिफ्टवर विसंबू नका, संकटात ती चालत नाही. बाळाचं लाइफ जॅकेट वेगळं असतं, पंधरा किलोच्या आतल्या मुलांसाठी. बोटीवर ते प्रत्येक तान्ह्या बाळासाठी असायलाच हवं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पहिल्याच दिवशी ते मागून घ्या आणि एकदा घालून बघा. बाळ कुणी उचलायचं, हेही घरात आधीच ठरवा.

हा धडा युरोपापुरता नाही. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' बोट नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून बुडाली. बोटीवर लहान मुलंही होती, आणि बऱ्याच जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हा लाँच असो, तर असो किंवा धरणातली होडी असो, बसण्याआधी विचारा, "लेकराच्या मापाचं जॅकेट आहे का?" नसेल, तर दुसरी होडी येईपर्यंत थांबा. विचारणारी बाई भित्री नसते.

म्हणून त्या ताईंना आणि तुम्हा सगळ्यांना उत्तर असं: बाळ सहा महिन्यांचं झालेलं असेल, अंगाने ठणठणीत असेल, डॉक्टरांनी हो म्हटलं असेल आणि विमा नीट असेल, तर जायला हरकत नाही. अपुऱ्या दिवसांचं, वरचेवर आजारी पडणारं बाळ असेल, तर वर्षभर थांबा. समुद्र कुठे पळून जात नाही.

गटात बोलण्यासाठी: आपल्या गावातल्या किती बाळांच्या जन्माची नोंद २१ दिवसांत झाली? पाणी कमी पडल्याची लक्षणं गटातल्या प्रत्येकीला सांगता येतात का? जवळच्या लाँचवर किंवा होडीवर लहान मुलांची जॅकेटं आहेत का, हे बघायला कोण जाईल?