मांजराच्या लघवीचा वास जात नाही? आधी फिनेल बाजूला ठेवा

पनागरला पहिला पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात धुतलेला कोपरा पुन्हा वास मारू लागतो. तुमच्याकडेही असंच होतं ना? मांजराच्या लघवीतलं युरिक ॲसिड पाण्यात सहज विरघळत नाही. त्याचे बारीक कण गादीत, सतरंजीत बसून राहतात आणि हवा दमट झाली की वास परत येतो.

फिनेलने तो तात्पुरता दबतो. पण काळं फिनेल मांजरासाठी विषारी असतं, आणि मांजर पंजे चाटतंच! ब्लीचही नको, लघवीतल्या अमोनियाशी मिळून घातक वायू तयार होतो.

डाग ओला असेल तर सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात शिंपडा, १० मिनिटांनी टिपा. वाळलं की खायचा सोडा भुरभुरा आणि सकाळी झाडून टाका. दोन्ही एकत्र कालवू नका. फेस भरपूर येतो, काम होत नाही. भेडाघाट जवळ असल्याने घरात संगमरवर असेल, तर त्यावर व्हिनेगर मुळीच नको, चमक जाते. गादीला कडक ऊन द्या. जुन्या डागाला मात्र एन्झाइम क्लीनरच लागतो.

ट्रेमध्ये जाणारं मांजर अचानक कोपऱ्यात जाऊ लागलं तर रागावू नका, त्याला मूत्रमार्गाचा त्रास असू शकतो. बोका जोर करतोय आणि थेंबही येत नाही? मग साफसफाई राहू द्या, त्याला लगेच पशुवैद्याकडे न्या. जबलपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पनागरहून फार लांब नाही.