स्मार्ट आरसा बनवण्याआधी त्याची टेस्ट कशी घेतात?

कपड्यांच्या दुकानातला स्मार्ट आरसा म्हणजे काच, तिच्यामागे स्क्रीन आणि वर कॅमेरा. कुर्ता अंगात न घालताच तो तुमच्यावर कसा दिसेल, ते हा आरसा दाखवतो. पण लाखो रुपये घालण्याआधी लोकांना तो जमेल का, हे कसं कळणार?

त्यासाठी 'विझार्ड ऑफ ऑझ' नावाची भारी पद्धत आहे. साध्या आरशाशेजारी टॅब लावायचा, पडद्यामागे एक माणूस बसवायचा. ग्राहक "निळा दाखव" म्हणाला की फोटो त्यानेच बदलायचा. ग्राहकाला वाटतं, मशीनच चालतंय! (टेस्ट झाल्यावर खरं सांगायचं, बरं का.) "आवडलं का?" विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. "लग्नासाठी कुर्ता निवडा" असं काम द्या आणि गप्प बसून बघा, ते कुठे अडतात.

२००१ मध्ये प्राडाने न्यूयॉर्कच्या दुकानात ट्रायल रूमला काचेची दारं बसवली. बटण दाबलं की काच धूसर व्हायची. काही ग्राहकांना ते बटण कळलंच नाही आणि ते बाहेरून दिसत राहिले.

वर्ध्यात टेस्ट घ्यायची तर मी मगन संग्रहालयाची नैसर्गिक रंगाची खादी निवडेन. ती लोक हातात धरून, चाचपून घेतात. आरसा तिथेच तोकडा पडेल. टेस्ट दुकानातल्या मोकळ्या जागेत, ट्रायल रूममध्ये अजिबात नाही. आणि "माझा फोटो कुठे जातो?" हे किती जण विचारतात, ते मी आधी मोजेन. कोणीच विचारलं नाही, तर कॅमेरा बंद करायचं बटण आरशावर सगळ्यात मोठं हवं.