‘ड्रीमलँड’: एका पहिल्या ध्वनिमुद्रिकेची हकीकत

गेल्या सत्रात एके दिवशी सकाळची प्रार्थना आटोपल्यावर वरच्या वर्गातील एक विद्यार्थी सभागृहातील पियानोवर एक लहानशी, उदास सुरावट पुनःपुन्हा वाजवीत बसला होता. ही कोणत्या गीताची चाल, असे आम्ही विचारले. त्यावर तो म्हणाला, ही गीताची चाल नव्हेच. हे नाचाचे संगीत आहे आणि ह्या प्रकारास ‘ट्रान्स’ म्हणतात. जवळच उभ्या असलेल्या एका पालकांच्या कपाळास आठी पडली. त्या आठीचे कारण आम्हांस समजण्याजोगे होते. ट्रान्स म्हटले की आपल्याकडे हणजूणचा किनारा, रात्रभर चालणारे नाच आणि त्या नाचांभोवती घोटाळणारी मादक द्रव्ये हीच डोळ्यांपुढे येतात. गोव्याच्या नावाने त्या संगीताची एक शाखाही जगभर ओळखली जाते. परंतु त्या विद्यार्थ्याच्या सुरावटीची हकीकत निराळी आहे. ती इटलीत घडली, आणि तिच्या मुळाशी मुलांचे मृत्यू आहेत. पालकांनी व विद्यार्थ्यांनी दोघांनीही ती जाणून घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ट्रान्स म्हणजे काय ते पाहू. ह्या शब्दाचा अर्थ तंद्री. १९९० च्या सुमारास जर्मनीत, विशेषतः फ्रांकफुर्ट शहरात, हा प्रकार रूपास आला. ह्यात वाद्यवृंद नसतो. बहुतेक सर्व नाद विद्युत्‌यंत्रांतून निर्माण केलेले असतात. ताल चार मात्रांचा, मिनिटास सुमारे १३० ते १४० ठोके, आणि चारही ठोके सारख्याच वजनाचे. आपल्या तबल्यात सम असते, खाली असते, आणि ऐकणारा त्यांच्या आधाराने आवर्तन ओळखतो. येथे खाली नाही. एकच ठोका अखंड पडत राहतो आणि त्यावर सुरांचे थर एकामागून एक हळूहळू चढत जातात. मध्येच ढोलाचा आवाज एकदम थांबतो, केवळ सूर तरंगत राहतात, आणि मग ढोल परत येतो. ह्या थांबण्यात व परतण्यातच त्या संगीताची सगळी मोहिनी आहे.

ज्याची सुरावट त्या दिवशी वाजली त्याचे नाव रोबेर्तो कोंचीना. जगास तो रॉबर्ट माइल्स ह्या नावाने ठाऊक आहे. जन्म ३ नोव्हेंबर १९६९ रोजी, स्वित्झर्लंडमधील फ्लूरिए गावी, इटालियन आईबापांच्या पोटी. बालपण इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, उदिने शहराजवळील फागान्या ह्या लहान गावी गेले. पियानो तो लहानपणी शिकला. पुढे नृत्यगृहांत तबकड्या वाजविण्याचा व्यवसाय त्याने पत्करला. हा मुलूख पूर्वीच्या युगोस्लाव्हियाच्या सीमेस लागून आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१९९१ पासून त्या देशात यादवी पेटली. कोंचीनाचे वडील तेथे मदतकार्यास गेले होते. परतताना त्यांनी युद्धात होरपळलेल्या मुलांची छायाचित्रे आणली. ती पाहून मुलाच्या मनात जे उठले त्यातून १९९४ च्या सुमारास ही सुरावट निघाली, आणि तिचे नाव त्याने ‘चिल्ड्रन’, म्हणजे ‘मुले’, असेच ठेविले.

ह्याखेरीज दुसरेही एक कारण तो सांगत असे, आणि आमच्या मते तेच अधिक विचार करण्याजोगे आहे. त्या काळी इटलीत शनिवारी रात्री तरुण मंडळी दूरदूरच्या नृत्यगृहांत जात, पहाटेपर्यंत नाचत, आणि थकलेल्या शरीराने पण उसळत्या रक्ताने मोटारी हाकीत घरी निघत. किती तरी जण वाटेतच मेले. ह्या अपघातांस इटालियन वृत्तपत्रांनी ‘स्त्राजी देल साबातो सेरा’, अर्थात शनिवार रात्रीची कत्तल, असे भयंकर नाव दिले होते. नृत्यगृहे लवकर बंद करावीत म्हणून मातांनी चळवळी केल्या. तबकड्या वाजविणारा कोंचीना ह्या प्रकाराच्या अगदी मध्यभागी उभा होता. शेवटच्या तबकडीनंतर दाराबाहेर जाणारी पोरे तो दर आठवड्यास पाहत होता. तेव्हा आपल्या रात्रीचा शेवट शांत करणारी एखादी रचना असावी, जिच्यामुळे मोटारीत बसण्यापूर्वी त्यांचे मन खाली उतरेल, असे त्याने योजिले.

आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. उपासनेच्या अखेरीस गीत व आशीर्वचन होते, आणि मग मंडळी उठते. हाच विचार नृत्यगृहात कोणास सुचावा, ह्याचे आम्हांस प्रथम नवल वाटले, मग वाटेनासे झाले.

त्याने ते कसे साधले हे ऐकण्याजोगे आहे. ‘चिल्ड्रन’ची लय मंद नाही, ती मिनिटास १३५ ठोक्यांच्याही वर आहे. पाय नाचतच राहतात. मात्र पायांवरचे सर्व काही निवत जाते: लांबवर पसरलेले मृदू सूर, आणि त्यांवर पियानोचे मोजके स्वर, मायनर सप्तकातले. प्रत्येक स्वराचा प्रतिध्वनी यंत्राने मागे रेंगाळत ठेविला आहे, त्यामुळे दोन स्वरांमधली जागा रिती राहत नाही. आमच्या विद्यार्थ्यास सभागृहातील पियानोवर हीच गोष्ट साधेना. स्वर बरोबर, परंतु चाल कोरडी. त्याचे कारण बोटांत नसून त्या हरवलेल्या प्रतिध्वनीत होते. शब्द तर त्या रचनेत एकही नाही.

१९९५ च्या आरंभी जो. टी. व्हॅनेली ह्या इटालियन तबकडीवादकाच्या ‘डी. बी. एक्स.’ ह्या संस्थेने ती प्रसिद्ध केली. प्रथम कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे इंग्लंडातील ‘प्लॅटिपस’ ह्या लहान संस्थेने व मग ‘डीकन्स्ट्रक्शन’ने ती हाती घेतली, आणि १९९६ च्या प्रारंभी एकाएकी सर्व युरोपभर ती वाजू लागली. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड अशा अनेक देशांच्या विक्रीच्या याद्यांत ती पहिली आली, ब्रिटनमध्ये दुसरी. अमेरिकेतही ती पहिल्या पंचविसांत पोहोचली. शब्दाविना असलेल्या साडेसात मिनिटांच्या रचनेस असे यश क्वचितच मिळते. रेडिओकरिता तिचे लहान रूप अर्थातच करावे लागले.

ह्या यशाच्या लाटेवर १९९६ च्या उन्हाळ्यात ‘ड्रीमलँड’, म्हणजे स्वप्नभूमी, ही त्याची पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका बाहेर पडली. ब्रिटनच्या यादीत ती सातव्या क्रमांकावर चढली. तीतील ‘फेबल’ ही रचनाही तेथे सातवीच आली. वर्षअखेरीस मारिया नेलर ह्या गायिकेच्या आवाजातील ‘वन अँड वन’ हे गीत घालून मुद्रिकेची नवी आवृत्ती काढण्यात आली, व ते गीत ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. १९९७ साली ब्रिट पारितोषिकांत परदेशी नवोदित कलावंताचा मान माइल्स ह्यास मिळाला.

आम्ही संपूर्ण मुद्रिका दोनदा लक्षपूर्वक ऐकली. ‘फेबल’ सुरेख आहे. ‘चिल्ड्रन’ आरंभीच्याच बळाने उभी आहे. इतर कित्येक रचनांत मात्र तोच पियानो, तेच तरंगते सूर, तोच ढोल. एकदा साधलेल्या गोडीची ती पुनरावृत्ती वाटते. ह्यात एकट्या त्याचा दोष नाही. बाजारास एक वस्तू आवडली की तीच आणखी मागितली जाते. १९९६ साली इटलीत ह्या धर्तीच्या पियानोयुक्त तबकड्यांचा सुळसुळाट झाला आणि त्यांस ‘ड्रीम’ हे निराळे नावही मिळाले. गमतीची गोष्ट अशी की, रात्रीच्या शेवटी वाजवावी म्हणून केलेली रचना आता भर मध्यरात्री, भर गर्दीत, आणि दिवसा दुकानांतूनही वाजू लागली. तिचे स्थानच सुटले. तिच्यामुळे कितीजण सुखरूप घरी पोहोचले ह्याचा हिशेब होऊ शकत नाही. जो अपघात घडलाच नाही त्याची नोंद कोण करणार?

स्वतः माइल्स त्या गोडीस चिकटून राहिला नाही. १९९७ च्या ‘ट्वेंटीथ्री ए. एम.’ ह्या दुसऱ्या मुद्रिकेतच त्याने वाट बदलली. पुढे मोठ्या कंपन्यांचा आश्रय सोडून त्याने ‘सॉल्ट’ ही स्वतःची संस्था काढली, आणि २००१ साली तिच्यातर्फे ‘ऑर्गॅनिक’ प्रसिद्ध केली. विक्री पूर्वीसारखी झाली नाही. ह्या वाटेवर त्याची गाठ आपल्या एका माणसाशी पडली. ठुमरीगायिका शोभा गुर्टू ह्यांचे चिरंजीव, मुंबईत जन्मलेले तालवादक त्रिलोक गुर्टू, हे ‘ऑर्गॅनिक’मध्ये वाजले, आणि २००४ साली दोघांच्या नावांनी ‘माइल्स-गुर्टू’ ही मुद्रिका निघाली. चार सारख्या ठोक्यांवर कीर्ती मिळविलेला हा मनुष्य अखेर सम व खाली जाणणाऱ्या वादकाशेजारी जाऊन बसला. ज्यांना ‘ड्रीमलँड’ फार गोड वाटेल, त्यांनी ही जरूर ऐकावी.

२०१२ साली त्याने इबिसा बेटावर ‘ओपनलॅब’ नावाचे रेडिओ केंद्र सुरू केले. त्याच बेटावर ९ मे २०१७ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्याचा अंत झाला.