एक हजार एकोणनव्वद घन सेंटिमीटर

मुंबईच्या तीन पिढ्यांनी जिला काळीपिवळी टॅक्सी म्हणून पाहिले, मध्यमवर्गीय गृहस्थाने नाव नोंदवून जिच्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर जिच्या शेवटच्या नोंदणीकृत टॅक्सीची मुदत संपली तेव्हा वृत्तपत्रांनी जिच्यावर एखाद्या थोर पुरुषावर लिहावेत तसे मृत्युलेख लिहिले, त्या प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखालील इंजिनाची वंशावळ मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. आणि ज्या कोणाला आज थोडक्या पैशांत ह्या इंजिनातून अधिक शक्ती काढण्याची हौस असेल, त्याने पान्याला हात घालण्यापूर्वी ती वंशावळ वाचलेली बरी, कारण ह्या विषयातले बहुतेक प्रयोग इटलीतील माणसांनी पूर्वीच करून ठेवलेले आहेत.

१९३७ साली तुरीनच्या फियाट कंपनीने ‘५०८ सी’ नावाची लहान गाडी बाजारात आणली. दान्ते जाकोसा ह्या तरुण अभियंत्याचा तिच्या रचनेत मोठा वाटा होता. तिच्या इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ७५ मिलिमीटर. गुणाकार केला की १०८९ घन सेंटिमीटर भरतात. व्हॉल्व्ह डोक्यावर, त्यांना हलविणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, मधल्या अंतरासाठी पुशरॉड. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, आणि क्रँकशाफ्टला आधार तीन बेअरिंगांचा. शक्ती अवघी ३२ अश्वशक्ती. १९५३ साली हेच इंजिन ‘११००/१०३’ ह्या नव्या गाडीत ३६ अश्वशक्तीचे झाले, आणि त्याच गाडीच्या ‘तुरिस्मो वेलोचे’ नामक चपळ आवृत्तीत कंपनीने तेच १०८९ घन सेंटिमीटर कायम ठेवून पन्नासच्या घरात अश्वशक्ती काढून दाखविली. इंजिनाचे आकारमान तसूभरही न वाढविता शक्ती जवळजवळ दीडपट! हे साधले कशाने, तर दाबाचे प्रमाण वाढवून, दुहेरी नळीचा वेबर कार्ब्युरेटर बसवून आणि श्वासमार्ग मोकळा करून. आजचा काटकसरी हौशी माणूस जे करू पाहतो त्याची यादी कंपनीच्याच दप्तरी तेव्हापासून रुजू आहे.

कंपनीबाहेरच्या लोकांनी तर ह्याहून पुढची मजल मारली. महायुद्धानंतर पिएरो दुसिओ ह्या उद्योजकाने चिसितालिया नावाने ज्या गाड्या बांधल्या त्यांचे इंजिन हेच. १९४६ च्या सप्टेंबरात तुरीनच्या शर्यतीत ताझिओ नुवोलारी ह्या शर्यतचालकाचे सुकाणूचक्र गाडीतून निखळून हाती आले आणि तो ते प्रेक्षकांना हालवून दाखवीत गाडी हाकीत राहिला, ती गाडी चिसितालियाच. पुढच्या वर्षीच्या ‘मिले मिल्या’ शर्यतीत ह्याच चोपन्न वर्षांच्या, प्रकृतीने खचलेल्या गृहस्थाने साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या उघड्या चिसितालियात बसून २.९ लिटरच्या अल्फा रोमिओला बराच काळ मागे ठेवले. पावसाने विजेच्या जोडण्यांत पाणी शिरले म्हणून पहिला क्रमांक गेला, दुसरा राहिला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘फॉर्म्युला ज्युनियर’ शर्यती सुरू झाल्या, त्यात उत्पादनातील गाडीचेच इंजिन वापरावे असा दंडक होता, तेव्हा मोदेना गावच्या स्तांग्वेलिनी कारखान्याने ह्याच फियाटच्या इंजिनातून ऐंशीच्या आसपास अश्वशक्ती उपसली. अर्थात ते इंजिन रोज सकाळी कचेरीला जाण्यासाठी नव्हते.

आपल्याकडे हे इंजिन आले ते सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून. १९५० च्या दशकातील गुबगुबीत ११०० ला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले, मग १९६४ पासून ‘डिलाइट’ आली, करार संपल्यावर फियाटचे नाव गेले, १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव पडले. नावे बदलली, दिवे बदलले, जाळी बदलली; इंजिन १०८९ चेच राहिले. इटलीत १९६२ च्या ११०० डी ला सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर करून १२२१ घन सेंटिमीटरांचे इंजिन मिळाले होते, पण आपल्या वाट्याला ते आले नाही. बाहेरून येणाऱ्या स्पर्धेला दरवाजे बंद असलेल्या बाजारपेठेत चाळीस अश्वशक्तीवर तक्रार करणार कोण आणि ऐकणार कोण? त्या उदासीनतेचा एक फायदा मात्र आजच्या मालकाला झाला आहे. एकच इंजिन दशकानुदशके निघत राहिल्याने त्याचे भाग अजून कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत सापडतात, आणि ते इंजिन डोळे मिटून उघडू शकणारे वयस्क मिस्त्री अजून हयात आहेत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. इंजिन म्हणजे हवा ओढणारा पंप; जितकी हवा आत जाईल तितकेच पेट्रोल जाळता येईल आणि तितकीच शक्ती मिळेल. नवख्या माणसाची पहिली धाव बोअर वाढविण्याकडे असते. तो हिशेब करून पाहण्यासारखा आहे. जीर्ण सिलिंडर घासून एक मिलिमीटरने मोठे केले, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘चाळीस थाऊ’चे पिस्टन टाकले, तर आकारमान १०८९ वरून ११२२ होते, वाढ अवघी तीन टक्के. सिलिंडर झिजलेले असतील तर बोअर करणे भागच आहे, आणि तसे ते नव्वद टक्के गाड्यांत असतातच असा माझा तरी अनुभव आहे. पण त्यातून शक्ती मिळेल ह्या आशेने कोणी खर्च करू नये. ७२ मिलिमीटरपर्यंत जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्याने आधी ब्लॉकच्या भिंतीची जाडी तपासून घ्यावी, नाहीतर पाण्याचे जाकीट आणि सिलिंडर ह्यांची गाठ पडायची.

खरी कमाई आहे ती हेडमध्ये. प्रत्येक सिलिंडरचे आकारमान २७२ घन सेंटिमीटर धरले आणि दाबाचे प्रमाण साडेसातास एक असले, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी ज्वलनाची जागा ४२ घन सेंटिमीटर होते. प्रमाण साडेआठास न्यायचे तर ती ३६ च्या आसपास आणावी लागते. म्हणजे सगळा व्यवहार सहा घन सेंटिमीटरांचा, चहाच्या चमच्याएवढा. हेडचा तळ मशीनवर घासून हे साधता येते, पण किती घासायचे हे अंदाजाने ठरवणारा मिस्त्री आणि मोजून ठरवणारा मिस्त्री ह्यांत जो फरक आहे तोच स्वस्त काम आणि वाया गेलेले काम ह्यांतला फरक होय. मोजणारा मिस्त्री हेड उलटे करून समपातळीत ठेवतो, व्हॉल्व्ह आणि प्लग जागच्या जागी बसवितो, ज्वलनकक्षाच्या तोंडावर ग्रीस लावलेली, मध्ये छिद्र पाडलेली काचेची पट्टी दाबून ठेवतो, आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने त्या छिद्रातून रॉकेल भरू लागतो. शेवटचा बुडबुडा काचेखालून सरकत छिद्राशी येतो आणि निसटतो, त्या क्षणी सिरिंजवरचा आकडा वाचून तो खडूने हेडवर लिहितो. चारही कक्षांचे आकडे शेजारी शेजारी आले की कारखान्याने दिलेल्या ओतकामातील गफलत उघडी पडते. एक कक्ष दुसऱ्यापेक्षा घन सेंटिमीटरभर मोठा निघाला तरी त्याला आश्चर्य वाटत नाही. मोठ्याच्या बरोबरीने धाकट्यांना हातयंत्राने किंचित खरवडायचे आणि मगच हेड घासायला द्यायचे. कक्षाचे तोंड तीस चौरस सेंटिमीटरांच्या घरात असेल तर एक मिलिमीटर घासण्याने तीन घन सेंटिमीटर कमी होतात. ह्या हिशेबाने पुढे जावे, आणि एवढे घासल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत नाही ना, हे पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातील क्लेचा थर ठेवून, इंजिन हाताने फिरवून, क्लेवर उमटलेल्या ठशाची जाडी मोजून पाहावे. ह्या साऱ्या प्रकरणाचा खर्च म्हणजे एका सिरिंजचा आणि एका दुपारचा.

साडेआठाच्या पुढे जाण्याचा मोह मात्र टाळावा. साध्या पेट्रोलची सहनशक्ती मर्यादितच. त्याला आवडेल त्याहून अधिक दाब दिला तर चढावर इंजिन नॉकिंग करू लागते, आणि ते ऐकूनही जो ॲक्सिलरेटर दाबत राहील त्याच्या पिस्टनच्या माथ्याला काही दिवसांनी भोक पडलेले दिसेल. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येऊ लागल्याने आणखी दोन बाबी सांभाळाव्या लागतात. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदा त्यात फुगतो किंवा विरतो, म्हणून ते बदलावेत. आणि इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागत असल्याने जुन्या जेटने मिश्रण पातळ पडते, म्हणून कार्ब्युरेटरचा मुख्य जेट किंचित मोठा बसवावा.

हेड उतरलेलेच आहे तर व्हॉल्व्हच्या बैठकीकडे लक्ष द्यावे. पंचेचाळीस अंशांच्या मुख्य कडेच्या वर तीस आणि खाली साठ अंशांची कड काढून घेतली, बैठकीखालचा खडबडीत उंबरठा गुळगुळीत केला, आणि गॅस्केटची कड जिथे मार्गात डोकावते तिथे ती जुळवून घेतली, तर हवेला वळण सोपे पडते. मार्ग रुंद करण्याचा आणि आरशासारखा चमकविण्याचा हव्यास निरर्थक आहे. चमक डोळ्यांना दिसते, हवेला तिचे कौतुक नाही.

दुसरी कमाई तोलाची. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांना ह्या इंजिनाचा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने धावतो. सहा हजारांना पंधरा मीटर, आणि पिस्टनला ओढून परत फिरविण्याचा ताण मात्र वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ४४ टक्क्यांनी वाढतो. तो सारा भार तीन बेअरिंगांनी सोसायचा. म्हणून चारही पिस्टन आणि चारही कनेक्टिंग रॉड सोनाराच्या काट्यावर तोलून, जडांना आतल्या बाजूने घासून, ग्रॅमच्या आत समान करावेत, आणि क्रँक, फ्लायव्हील व क्लचप्लेटचा सांगाडा एकत्र तोलून घ्यावा. क्रँक ग्राइंड करून घेण्यासाठी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारखा, ओतकाम आणि यंत्रकाम पिढीजात मुरलेला भाग जवळ असेल तर तिथे जावे. माझे मत विचाराल तर एकूण तरतुदीतील निम्मी रक्कम अशा लेथ आणि ग्राइंडिंगच्या कामावर खर्च व्हावी, आणि उरलेल्यातून रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग चेन आणि तेलाचा पंप यांचा नवा संच घ्यावा. चकचकीत एअर फिल्टर आणि भोंग्यासारखा सायलेन्सर ह्यांना ह्या यादीत स्थान नाही.

कॅमशाफ्टविषयी मतभेद आहेत. मूळ कॅम घासून व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडा ठेवणारा आकार देता येतो, आणि वरच्या फेऱ्यांत त्याचा लाभ निर्विवाद आहे. पण खालच्या फेऱ्यांतले पिकअप त्याने मरते, आणि दादर-परळच्या रहदारीत दुसऱ्या गिअरने सरपटणाऱ्या गाडीला वरच्या फेऱ्या वर्षातून कितीदा मिळणार? रस्त्यासाठी बांधायच्या इंजिनात मी तरी मूळचा कॅमच ठेवीन. दुहेरी नळीचा वेबर सापडला तर घ्यावा, पण त्याच्या जेटांचा मेळ जमवण्याइतका संयम असेल तरच.

काहींना प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचे निसानचे ११७१ घन सेंटिमीटरांचे इंजिन उचलून पद्मिनीत टाकणे ही सोपी पळवाट वाटते. शक्ती मिळते, हे खरे. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि परवानगीवाचून केलेला असा बदल पुनर्नोंदणीच्या वेळी परिवहन कार्यालयात उघडा पडतो. तेव्हा मूळच्याच इंजिनाची नीट बांधणी केलेली बरी. बोअर मात्र वाढविला असेल तर त्याची रीतसर नोंद करून घ्यावी, कारण घन सेंटिमीटरांचा आकडा नोंदणीपत्रावर असतोच.

असे बांधलेले इंजिन पहिले हजार किलोमीटर हलक्या हाताने चालवावे. पहिल्या काही दिवसांनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळावेत, कारण अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणि बिडाचा ब्लॉक तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. टॅपेटचे अंतर मग पुन्हा पाहावे. चाळीसच्या जागी पन्नासच्या आसपास अश्वशक्ती मिळाली की खंबाटकी घाटाच्या चढावर जिथे पूर्वी दुसरा गिअर लागे तिथे तिसऱ्यावर गाडी निघते. उतारावर मात्र तीच गाडी पूर्वीपेक्षा वेगाने येणार, आणि ड्रमब्रेक मूळचेच असणार. तेव्हा हिशेबात जे काही शिल्लक उरेल ते व्हील सिलिंडरच्या नव्या रबरांवर आणि नव्या लायनिंगवर घालावे, आणि काहीच शिल्लक उरणार नसेल तर हे काम इंजिन उतरवण्याच्या आधीच करून घ्यावे.