भाकरी थापण्याचा अभ्यास

ज्वारीची भाकरी करायला काय काय लागतं? पीठ, गरम पाणी, परात, तवा, हे झालं घरातलं उत्तर. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच व्यवसायोपचार शिकणाऱ्याला याच प्रश्नाचं उत्तर पानभर लिहावं लागतं. पीठ मळताना मनगट मागे झुकलेलं हवं आणि जोर खांद्यातून यायला हवा. थापताना एक हात वरून थापतो, दुसरा कडेला आधार देत भाकरी फिरवतो. दोन्ही हातांची कामं वेगळी, ठेका मात्र एकच. भाकरी कुठे जाड राहिली, ते आधी बोटांना कळतं. तवा तापला का, पाणी कधी फिरवायचं, उलटायची कधी, हा क्रम डोक्यात पक्का असावा लागतो. शिवाय एवढा वेळ ओट्याशी उभं राहायला तोल हवा आणि दमही हवा.

आता समजा, भाकरी करणाऱ्या बाईला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. यातला कोणता दुवा तुटला? हातातली ताकद गेली, की स्पर्श कळेनासा झाला? ताकद आहे पण स्पर्श नाही, अशा हाताला तव्याचा चटका बसला तरी समजत नाही. मग काम थोडं बदलायचं. परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं, उभं राहण्याऐवजी उंच स्टूल, सुरुवातीला एकाच भाकरीचं पीठ. हे सगळं ठरवण्याआधी एक प्रश्न तिला विचारायचाच असतो. तिला खरंच भाकरी करायची आहे का? घरात सून भाकऱ्या करत असेल आणि तिला मात्र कुणाच्या मदतीशिवाय संडासला जाता यावं एवढंच हवं असेल, तर उपचार तिथून सुरू होतात. या शिक्षणाचा गाभा इथे आहे, आणि बारावीनंतर प्रवेशाच्या यादीत या पदवीचं नाव पहिल्यांदा वाचणाऱ्या मुलांना तो फार क्वचित कुणी समजावून सांगतं.

हे शिक्षण भारतात पहिल्यांदा मुंबईत सुरू झालं. परळच्या केईएम रुग्णालयात 1950 साली देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय उघडलं, ते कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. 1900 साली अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या आणि कमला झाल्या. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा अमेरिकेला जाऊन त्या हे शास्त्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी इथे ते रुजवलं. 1952 मध्ये या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. विद्यालय सुरू होऊन तेव्हा अवघी दोन वर्षं झाली होती! 1958 मध्ये नागपूरला दुसरं विद्यालय उभं राहिलं. फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेचं नाव अनेकांना ठाऊक असतं. ती शाळा याच कमलाबाईंच्या नावाची.

आज महाराष्ट्रात या पदवीसाठी चार वर्षं अभ्यास, मग इंटर्नशिप. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर मिळतो आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत विद्यापीठाच्याच परीक्षा होतात. सुरुवात वैद्यकाच्या कुठल्याही शाखेसारखी, शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राने. एका हातात 27 हाडं असतात आणि ती पाठ करण्यावाचून सुटका नसते. सोबत मानसशास्त्र आणि समाजशास्त्र येतं. पुढे अस्थिरोग, मेंदू आणि मज्जातंतूंचे विकार, बालरोग, मनोविकार. सांधा किती अंशांत वळतो ते गोनिओमीटरने मोजायचं, स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत नोंदवायची, हेही हाताखालून जातं.

विद्यार्थ्यांचा खरा कस स्प्लिंटच्या टेबलाशी लागतो. दंडाचं हाड मोडताना तिथली रेडियल नस दुखावली, तर मनगट लटकतं आणि मूठ घट्ट वळता येत नाही. अशा वेळी थर्मोप्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून थेट हातावर घडवतात, म्हणजे मनगट किंचित वर उचललेलं राहतं. तो थंड होऊन कडक होण्याआधी हाती मिनिटंच असतात. कड हाडावर टोचली, तर रुग्ण घरी गेल्यावर स्प्लिंट काढून ठेवतो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून आधी कागदावर हाताचा आराखडा काढायचा, कापायचा, जुळवून बघायचा, चुकला की पुन्हा काढायचा.

वॉर्डातलं शिक्षण याहून वेगळं. लुळ्या हाताच्या माणसाने सदरा कसा घालायचा? आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. काढताना बरोबर उलट. ऐकायला साधं, पण आठवडाभर दुसऱ्यांकडून कपडे घालून घेतलेल्या माणसाला हे स्वतः जमतं, तेव्हा त्याच्याकडे बघण्याची घरच्यांची नजर बदलते. मनोविकार विभागात वेगळाच धडा. स्किझोफ्रेनियातून सावरणाऱ्या माणसाला औषधांबरोबर दिवसाची घडीही परत बसवावी लागते: वेळेवर उठणं, अंघोळ, चार माणसांत बसून एखादं काम पुरं करणं. बालविभागात तर खेळ हाच उपचार. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ताई मुलाला नुसता झोका देतायत. झोक्याचा वेग, दिशा आणि त्यावर मुलाचा प्रतिसाद यांमागे हिशेब असतो. विद्यार्थ्याला तो तोंडी परीक्षेत मांडावा लागतो. जागतिक संघटनेच्या निकषांनुसार प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचं असं शिक्षण किमान 1000 तासांचं हवं.

एक अडचण मोकळेपणाने सांगायला हवी. वर्गात वापरली जाणारी बरीच पाठ्यपुस्तकं अमेरिकन आहेत. 1947 साली पहिल्यांदा निघालेलं विलार्ड आणि स्पॅकमन यांचं पुस्तक आजही या शिक्षणाचा आधारग्रंथ मानलं जातं. या पुस्तकांतला रुग्ण काट्याचमच्याने जेवतो, खुर्चीवर बसतो, टबात अंघोळ करतो. आपला रुग्ण मांडी घालून हाताने वरणभात कालवतो, उकिडवा बसतो आणि चाळीच्या टोकाला असलेल्या सामायिक संडासापर्यंत चालत जातो. बाईंना नऊवारी नेसायची असते. म्हणून चांगले शिक्षक विद्यार्थ्यांना रुग्णाच्या घरी पाठवतात. उंबरठा किती उंच, मोरीला धरायला काही आहे का, व्हीलचेअर दारातून जाते का, हे टेप लावून मोजायला लावतात. रॅम्पसाठी एकास बारा हे प्रमाण पुस्तकात असतं. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. चाळीच्या जिन्यापुढे ते प्रमाण कसं बसवायचं, याचं उत्तर विद्यार्थ्याला तिथेच उभं राहून शोधावं लागतं.

पदवीनंतर राज्याच्या परिषदेत नोंदणी करावी लागते, आणि 2021 पासून यासारख्या आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा स्वतंत्र कायदाही आहे. कामाच्या जागा रुग्णालयांपुरत्या नाहीत. विशेष शाळा, बालविकास केंद्रं, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची मनोरुग्णालयं, पुनर्वसन केंद्रं, स्वतःचं क्लिनिक. सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतलं हे शिक्षण मात्र मुख्यतः मुंबई आणि नागपुरातच एकवटलेलं आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या पाड्यावर सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल वाढत असेल, तर त्याच्या आईला बाळाला मांडीवर कसं धरायचं आणि घास कसा भरवायचा हे दाखवायला कुणीतरी जवळपास हवं. ते कुणीतरी घडायचं, तर त्या जिल्ह्यांतल्या मुलामुलींना ही पदवी घराजवळ शिकता आली पाहिजे.