काटकसर कुणाला शिकवता?

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी डिसेंबर २०२५ मध्ये आली आणि राज्यभर एकच आकडा फिरला : एक लाखाच्या कर्जाचे चौऱ्याहत्तर लाख. सावकारांचा तगादा, विकलेली जमीन, शेवटी कंबोडियात जाऊन काढून दिलेली किडनी, हे सारे वाचकांना आता पाठ आहे. तक्रारीतले काय काय सिद्ध होते ते न्यायालयात कळेल. पण बातमीमागोमाग उपदेशाचा जो लोंढा आला, त्याबद्दल बोलायला न्यायालयासाठी थांबायची गरज नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, खर्चाची वही ठेवावी, गरजा कमी केल्या की माणूस आपोआप सुखी होतो वगैरे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला काटकसर शिकवायला निघालेल्यांनी एकदा तिथल्या चुलीपाशी बसून यावे.

आधी थोडे गणित. गावात व्याज शेकड्याने सांगतात आणि ते महिन्याचे असते. पाच रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ६० टक्के, दहा रुपये शेकडा म्हणजे १२०. थकलेले व्याज मुद्दलात मिसळत गेले तर दहा रुपये शेकड्याने १ लाखाचे वर्षभरात ३ लाख १४ हजार होतात, तीन वर्षांत जवळपास ३१ लाख आणि पावणेचार वर्षांत ७३ लाख. वर रोजचा दंड लावला तर इतकेही थांबावे लागत नाही. आता कायदा बघा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ सालचा. परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून तारण घेऊन वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, याच्या वर व्याज घेता येत नाही. चक्रवाढ लावता येत नाही, व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ शकत नाही. त्याच १ लाखाचे पावणेचार वर्षांचे विनातारण व्याज होते ४५ हजार.

एकीकडे ७३ लाख, दुसरीकडे ४५ हजार. या फरकात काटकसर कुठे बसवायची? घरातल्या सगळ्यांनी जन्मभर चहा सोडला तरी तो भरून निघायचा नाही. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवायची तरतूदही याच कायद्यात, कलम १८ मध्ये आहे आणि १५ वर्षांपर्यंतचे जुने व्यवहार त्यात उकरता येतात. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा. लोक करत नाहीत. कारण रात्री अकराला नागपूरच्या दवाखान्याने डिपॉझिट मागितले की उपनिबंधकांचे कार्यालय उघडे नसते, सावकाराचे दार उघडते. उद्या पुन्हा त्याच दाराशी जावे लागेल, हे ज्याला ठाऊक आहे तो तक्रार कशाला करेल?

चुलीचे बघू. या दोन जिल्ह्यांत पैसा वर्षातून मोजून दोन-तीनदा घरात येतो. दिवाळीनंतर धानाचा, मार्च-एप्रिलात मोहफुलांचा, मे महिन्यात तेंदूचा. मधल्या काळात घर चालते ते शेतातल्या आणि रानातल्या जिनसांवर. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, वास्ते (बांबूचे कोंब), काटवल, सात्या (अळंबी). धान निघाल्यावर त्याच ओलीवर टाकलेली लाखोरीची डाळ. तांदूळ घरचा. बाजारातून यायचे ते तेल, मीठ, मिरची, साबण आणि मुलांच्या वह्या. शहरात हल्ली ‘मिनिमलिझम’ म्हणून शिबिरे भरतात, पैसे मोजून लोक जातात. इथे ते फुकट आहे आणि कुणी हौसेने पत्करलेले नाही.

फुकट म्हणजे तरी किती फुकट? तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. बायका पहाटे अंधारात निघतात आणि ऊन चढायच्या आत ओझे घेऊन परततात. मग घरातले सगळे, म्हातारी आणि शाळकरी पोरेसुद्धा, सावलीत फतकल मारून बसतात. फाटके, डागाळलेले पान बाजूला, चांगले पान चांगल्यावर चढवायचे, ७० पाने झाली की सालीच्या दोरीने आवळून पुडा बांधायचा. बोटे चिकाने काळी होतात. असे हजार पुडे भरले की एक प्रमाण गोणी होते. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून द्यायचे. मुन्शीला बांधणी ढिली वाटली की तो पुडा बाजूला टाकतो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. मोहफुलांच्या दिवसांतही दरवर्षी अशा बातम्या येतात. रानातल्या काटकसरीला ही किंमत आहे, ती कुठल्या खर्चाच्या वहीत लिहायची?

तेव्हा या घरांचे दुखणे उधळपट्टीचे नाही, वेळेचे आहे. मृग लागला की बियाणे, खत, रोवणीची मजुरी आणि शाळेचा खर्च एकदम अंगावर येतो. धान निघतो चार-पाच महिन्यांनी. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल होता खरा, पण आधारभूत केंद्रावर धान घातला तरी चुकारे खात्यात पडायला वेळ लागतो. ज्याला उद्याच पैसा हवा तो पडत्या भावात व्यापाऱ्याला घालून मोकळा होतो. वर्षाचा जमाखर्च मांडला तर अनेक घरे कशीबशी तोंडमिळवणी करतात. जून ते नोव्हेंबर एवढाच काळ मांडला तर जवळजवळ सगळी बुडालेली.

समजा, एका घरावर तीन कर्जे आहेत. सोसायटीचे पीककर्ज ४० हजार, घरातल्या बाईच्या नावावर मायक्रोफायनान्सचे ५० हजार आणि सावकाराचे ३० हजार, दहा रुपये शेकड्याने. शहाणपण सांगते की सगळ्यांत महाग कर्ज आधी फेडा. घर नेमके उलटे करते. फायनान्सचा माणूस ठरल्या दिवशी दारात बसतो आणि एकीने हप्ता चुकवला की कर्जगटातल्या बाकीच्यांना थांबवून ठेवतो. शेजारणींसमोर शोभा नको म्हणून तो हप्ता पहिला जातो. दोन वर्षांच्या मुदतीचे २४ टक्क्यांचे कर्ज धरले तर तो महिन्याला सुमारे २,६५० रुपये पडतो. मग सावकाराचे ३ हजार, आणि तेही नुसते व्याज. सोसायटी बोलत नाही, म्हणून सोसायटी शेवटी. वेळेत फेडले असते तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून ते पीककर्ज जवळपास बिनव्याजी पडले असते. सगळ्यांत स्वस्त कर्ज थकते, घर थकबाकीदार होते, पुढच्या जूनमध्ये बँक दारात उभी करत नाही. मग पुन्हा सावकार.

इथे एकच चावी फिरवून पाहा. त्या बाईने बचत गटातून महिना २ टक्क्यांनी ३० हजार उचलले आणि सावकाराचे मुद्दल एकरकमी देऊन टाकले. आजवर ती सावकाराला नुसत्या व्याजापोटी देत होती तेच ३ हजार ती गटात भरत राहिली, तर बाराव्या महिन्यात कर्ज संपते. घरातला एकही खर्च कमी न करता. गटातले २ टक्केही वर्षाला २४ होतात, ते काही स्वस्त म्हणता येणार नाही. पण ते व्याज गटातच राहते आणि वर्षाअखेरीस वाटून परत येते. गडचिरोलीत महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि ‘उमेद’ अभियान यांनी हे गट वर्षानुवर्षे बांधले आहेत. त्यांच्या बैठकीच्या वहीत जेवढी आर्थिक साक्षरता आहे तेवढी बँकांच्या रंगीत पुस्तिकांत मला कधी दिसली नाही.

व्यसनांच्या खर्चापुरता मात्र उपदेशकांना माझा पाठिंबा आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा. एक २० रुपयांचा धरला, दिवसाला दोन धरले, तर महिन्याचे १,२०० झाले. दारूचे काय सांगावे? डॉ. अभय बंग यांनी १९८०च्या दशकाअखेरीस गडचिरोलीचा हिशेब मांडला होता : जिल्ह्याच्या विकासाचा वार्षिक आराखडा १४ कोटींचा आणि लोक दारूवर घालवतात ते २० कोटी. त्या आकड्यांनी चळवळ पेटली आणि १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूरला ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली. बंदीच्या काळात चोरटी दारू वाहत होती, हे कारण खरे आहे. पण उठवताना महसुलाचा हिशेब जितक्या तळमळीने मांडला गेला, तितक्या तळमळीने एखाद्या घराचा हिशेब कुणी मांडल्याचे आठवत नाही.

आता मेंढा (लेखा). गडचिरोलीहून तीसेक किलोमीटरवरचे, धानोरा तालुक्यातले गोंडांचे हे छोटे गाव. वाचकांना ते जंगलासाठी ठाऊक आहे : २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, सुमारे १,८०० हेक्टर, २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले तो दिवस, गावाचे नेते देवाजी तोफा आणि ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा. मला या गावात जंगलाइतकाच रस आहे तो त्याच्या पैशाच्या रीतीत. मजुरीतला हिस्सा ग्रामकोषात टाकायचा, धान्याचा साठा गावाचा म्हणून ठेवायचा आणि अडल्या घराने आधी गावाकडे मागायचे. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा; एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या सभेला. ही रीत संथ आहे, बाहेरच्याला कंटाळवाणी वाटेल. पण ज्या सभेत सगळी घरे बसतात तिथे कुणाची चूल अडली आहे हे लपत नाही आणि लपवायची गरजही उरत नाही. कर्जबुडीतली अर्धी वाट माणूस लपवालपवीतच चालतो. सासरवाडीला कळू नये म्हणून, भावकीत हसे होऊ नये म्हणून एकाचे देणे दुसऱ्याकडून काढून फेडतो.

वृक्षमित्र संस्थेचे दिवंगत मोहन हिराबाई हिरालाल यांनी या गावासोबत अभ्यासगटाची पद्धत रुजवली. आधी विषय समजून घ्यायचा, जाणकाराला बोलवायचे, चर्चेचा कीस काढायचा, निर्णय मात्र ग्रामसभेने घ्यायचा. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा निर्णय घेतला, म्हणजे जमीन कसणारा कसतो, पण ती गावाबाहेर विकली जाऊ शकत नाही. सरकारी कागद हलायला वर्षे गेली, ती वेगळी कथा. आदिवासींच्या जमिनीला कायद्याचे संरक्षण होतेच. तरी गहाण टाकायला जमीनच नसेल तर सावकार कशाच्या जोरावर दटावणार?

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तर आणखी धाडस केले. वनहक्क मिळाल्यावर या गावाने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले. चांगली पाने फुटावीत म्हणून झाडे छाटतात, आगी लावतात, जंगलाचे नुकसान होते, म्हणून. मे महिन्याचा रोकडा सोडून गाव बांबूवर उभे राहिले. काटकसर म्हणायची तर ही म्हणा, आणि तीही आधी जंगलाची मालकी हातात आल्यावर सुचलेली.

मेंढ्याची पूजा बांधणाऱ्यांचे मात्र मला थोडे भय वाटते. पाहुणे येतात, फोटो काढतात, ‘प्रत्येक गाव मेंढा व्हावे’ म्हणून जातात. त्यामागे पंचवीस-तीस वर्षांच्या बैठका आहेत आणि गावकीत एकाच समाजाची माणसे आहेत. मूल किंवा ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यातले चार जातींचे, दोन पुढाऱ्यांचे गाव उद्या सहमतीने चालू लागेल, असे कुणी सांगितले तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

त्या धानपट्ट्याकडे दुसरेच काही आहे. दिवाळी झाली, धान घरात आला की या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगाव मंडई भरते आणि नाटके सुरू होतात. वडसा हे त्यांचे ठाणे. गुरनोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. नाटक रात्रभर चालते, गावात बैलांच्या शर्यतींचा शंकरपट असतो, घरोघर पाहुणे उतरतात. कर्जात बुडालेला माणूस तिकीट काढून नाटकाला बसतो म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांना या पट्ट्याचे अर्थशास्त्र कळलेले नाही. पाहुण्यांच्या याच वर्दळीत सोयरिकी जुळतात, बहीण-भाऊ भेटतात, मेहुण्यांचे रुसवे निघतात. आणि जूनमध्ये बियाण्याला पाच हजार कमी पडले तर बिनव्याजी हातउसने देणारा तोच मेहुणा असतो. पैसे वाचवायला म्हणून जे घर मंडईला पाहुणे बोलवायचे बंद करते, त्याचे तांदूळ-कोंबडीचे हजार-दोन हजार वाचतात आणि हातउसन्याची वाट बुजते. मग उरतो शेकड्याचा दर. घरात चार माणसे हसली-बोलली, पोरांनी रात्रभर नाटक पाहिले, हा वरचा फायदा. तो मी हिशेबात धरत नाही, पण त्या घराने धरावा.

सरकारने २०२५ मध्ये शेतकरी कर्जमाफीसाठी ३० जून २०२६ ही तारीख दिली आणि प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवली. २०१७ ची माफी दीड लाखांची, २०१९ ची दोन लाखांची. दोन्ही बँक-सोसायटीच्या पुस्तकातल्या कर्जाच्याच होत्या. सावकाराचे ३० हजार आणि फायनान्सचे ५० हजार तिथे कुणाच्या यादीत नव्हते, या वेळीही असायची चिन्हे नव्हती. उलट माफी येणार म्हणून सोसायटीचा हप्ता थांबवायचा आणि हातातले पैसे शेकड्याच्या व्याजात घालायचे, हे अनेक घरांत सुरूही झाले असेल. सरकारला या दोन जिल्ह्यांसाठी खरेच काही करायचे असेल तर कामे फार नाहीत : धानाचे चुकारे आठवड्यात, तेंदूची मजुरी पावसाच्या आत, गटांची कर्जे जूनऐवजी मे महिन्यात आणि सहायक निबंधकाच्या कार्यालयात सावकारीच्या तक्रारी ऐकायला एक तरी माणूस, जो तक्रार करणाऱ्याचे नाव त्याच संध्याकाळी सावकाराच्या कानावर घालणार नाही.